पूजेतला पाना

माझा देवावर राग नाही. देवाच्या नावाने कान बंद करून घेणाऱ्यांवर आहे. गेल्या खंडेनवमीपासून त्यांच्यात मी स्वतःलाही धरतो.

आमच्या गाडीचा ब्रेक महिनाभर किंचाळत होता. ब्रेकचा पॅड झिजून अगदी पातळ झाला की त्याला लावलेली बारीक पत्र्याची पट्टी चकतीला घासते आणि ओरडते. ती ओरडण्यासाठीच बसवलेली असते. हे मी गाडीच्या पुस्तकात वाचले होते आणि थोरल्या भावाला, दादाला, सांगितलेही होते. "दसरा झाला की बघू. तू पुस्तकं वाच," तो म्हणाला. मी चिडून खरोखरच पुस्तके वाचत बसलो. गाडीला मात्र काचभर देवीचा स्टिकर, बॉनेटवर तीन पदरी हार आणि चाकाखाली लिंबू असा सगळा थाट मिळाला.

गुडघ्यांचे ऑपरेशन झाल्यावर स्वतःच्या पायांनी देवळात चालत जाऊन तुळजाभवानीची ओटी भरीन, असा नवस आई बोलली होती. तिने नवमीचाच दिवस धरला. तोवर ब्रेकचे किंचाळणे जाऊन घरघर आली होती. सकाळी आमच्या सात रस्ता चौकातल्या मेकॅनिककडे गेलो, तर त्याची सगळी अवजारे पाटावर, कुंकवा-झेंडूत. "सर, आज हत्याराला हात लावत न्हाय. उद्या पहिली तुमचीच गाडी." दादा म्हणाला, "देवीची गाडी हाय की, काय होतंय?" आणि भक्तिगीतांचा आवाज वाढवला. घरघर ऐकू येईना, म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला. मी मागे आईशेजारी दात आवळून बसलो. उतरलो मात्र नाही.

आईने ओटी भरली. परतताना घाट उतरण्याआधी तिला पाणी हवे होते, म्हणून एका टपरीपाशी थांबलो. थांबतानाची घरघर ऐकून शेजारच्या पत्र्याच्या गॅरेजातून एक म्हातारा मेकॅनिक उठला आणि थेट बॉनेटसमोर येऊन उभा राहिला. दादाने हॉर्न दाबला.

"हॉर्न झकास हाय की," म्हातारा म्हणाला. "ब्रेक कुटं हाय?"

"बाजूला व्हा, काका. आत्ताच दर्शन घेऊन आलोय."

"दर्शन तिनं दिलं. ब्रेक तुमी बघायचा व्हता. जरा खाली बघा."

घाटातून माणसे अनवाणी वर येत होती. बायका, खांद्यावर लेकरे घेतलेले बाप. गाडी सुटली असती तर कुणावर गेली असती, हे मला एकाएकी चेहऱ्यांसकट दिसले.

त्याचीही अवजारे पूजेत होती. दादाने तेवढे बरोबर हेरले. "आज पाना उचलत नसतात."

म्हातारा भडकला. "मग पुजायचा कशाला? आईच्या दारात बसून ह्या आक्काला असल्या गाडीतनं घाटात सोडू व्हय?" त्याने हात जोडले, झेंडू बाजूला सारला आणि कुंकवासकट पाना उचलला.

चाक निघाले. पॅडचा घासायचा थर संपला होता. लोखंड लोखंडावर घासून चकतीला चर पडले होते. घाटात टॅक्सी येतात म्हणून नवे पॅड त्याच्याकडे होते. त्याने दोन्ही बाजूंचे बदलले. "एकाच बाजूचा बदलला तर गाडी वढती. आणि दम धरून जावा. चकती उद्या बदला." आईने देवीचा प्रसाद त्याच्या पाटावर ठेवला आणि देवळात जोडले होते तसेच हात जोडले.

त्याला तिथे देवीने बसवले होते का, मला ठाऊक नाही. तो तिथे रोजच बसतो. पण आम्ही वाचलो, आणि त्याचे श्रेय मला घेता येत नाही. शरण जाणे म्हणजे सगळे तिच्यावर टाकून मोकळे होणे, असे दादा समजत होता. मी शरण जाण्यालाच अडाणीपणा समजत होतो. ब्रेकचे सांगणे तर महिनाभर चालू होते. आम्ही दोघेही आपापल्या अहंकारापुढे ते ऐकायला तयार नव्हतो.

झिजलेला पॅड आता देव्हाऱ्यात आहे. दादा रोज त्याला फूल वाहतो. ते पाहून मला अजून राग येतो. पण फूल वाहून झाले की तो गाणी बंद ठेवून गाडी सुरू करतो, आणि फाटकापाशी एकदा ब्रेक दाबून कान देतो. तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात.