लॅमिनेट केलेलं प्रिस्क्रिप्शन

"उजवा बेचाळीस, डावा चौतीस," मीनल म्हणाली आणि मशीनकडेच संशयानं बघत राहिली.

मीनल आमच्या अमरावतीच्या दवाखान्यातली ऑप्टोमेट्रिस्ट. मी तिथली डोळ्यांची डॉक्टर. माझ्या आधी ती पेशंटची नजर, चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचं प्रेशर तपासते. ब्लडप्रेशर असतं तसं डोळ्याच्या आतही प्रेशर असतं. ते साधारण दहा ते एकवीसच्या मध्ये असावं. बेचाळीस म्हणजे दुप्पट.

मलाही वाटलं, मशीन बिघडलं. डोळा बधिर करणारा थेंब टाकून मी दुसऱ्या पद्धतीनं स्वतः मोजलं. उजवा चव्वेचाळीस आला.

समोर बसल्या होत्या निर्मलाताई गावंडे. वय सदुसष्ट. अंजनगाव सुर्जीहून एकट्याच बसनं आलेल्या. तिथल्या एका सरकारी ऑफिसात कारकून होत्या, आता रिटायर. नोकरीभर कडक इस्त्रीच्या साड्या नेसल्या. आता अंगात पोपटी कुर्ता, जीन्स, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. केस मानेपर्यंत कापलेले. डोळ्यांत रेखीव काजळ. डोळे तर इतके स्वच्छ, पांढरेशुभ्र की माझ्या तिशीतल्या पेशंटचेही तसे नसतात.

त्यांची तक्रारही साधी होती.

"मॅडम, नंबरचा गॉगल पायजे. मोठ्या काचाचा. स्कुटीवर हवा लागते डोयाले. अन् एक सांगू का, गाडी हल्ली उजव्या बाजूनं घासून राहिली. दोनदा गेटले लागली."

"दिसतं का नीट?"

"एकदम साफ! मोतीबिंदूचं ऑपरेशन तर कधीचंच झालं. पेपर वाचतो मी रोज."

मी बाहुली मोठी करून आत पाहिलं. डोळ्याच्या मागे एक नस असते, ती दिसलेलं सगळं मेंदूपर्यंत नेते. समोरून ती गोल बशीसारखी दिसते आणि तिच्या मधोमध एक लहानसा खळगा असतो. प्रेशर वाढून नस मरायला लागली की तो खळगा मोठा होत जातो. निर्मलाताईंच्या उजव्या डोळ्यात जवळजवळ पूर्ण बशीच खळगा झाली होती.

हा काचबिंदू. तो दुखत नाही. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, म्हणून पेपर वाचता येतो. कडेची नजर आधी खातो, म्हणून गेट दिसत नाही. आणि खाल्लेलं परत देत नाही.

"घरात कोणाला काचबिंदू होता?"

"नाई."

"डोळ्यांत काही औषध टाकता?"

"टाकतो ना. डोये कोरडे हायेत माहे." त्यांनी पर्समधून छोटी बाटली काढली.

मी लेबल वाचलं आणि पुन्हा वाचलं. स्टिरॉइड. सूज आणि लाली झटकन घालवणारं औषध. काही दिवस दिलं तर गुणकारी. पण काही लोकांच्या डोळ्याचं प्रेशर त्यानं चढतं, म्हणून ते डॉक्टरच्या नजरेखालीच घालायचं असतं.

"हे कधीपासून टाकता?"

"झाली असतीन तीनएक वर्षं. सकाय-संध्याकाय. एक दिवस चुकवला नाई."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला.

"ताई, हे तीन वर्षं? कोणी दिलं हे तुम्हाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुमीच."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी एक कागद काढला. लॅमिनेट केलेला. वर माझं नाव, खाली माझी सही, शिक्का. अक्षर माझंच. नोकरीभर लोकांचे कागद सांभाळलेल्या बाईनं माझाही कागद तसाच जपला होता.

त्यावर तीन गोष्टी होत्या. अश्रूंसारखे साधे थेंब, दिवसातून चार वेळा. पापण्यांना गरम कपड्याचा शेक. आणि हे स्टिरॉइड, दिवसातून दोनदा. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं.

मी स्टूलवर बसले.

आठवलं थोडंसं. तेव्हा मी दर गुरुवारी अंजनगावला ओपीडी करायची. सकाळी ऐंशी पेशंट. तोंडी मी नक्की सांगितलं असणार, की पंधरा दिवसांनी दाखवायला या, मग हे बंद करू. ते मी सगळ्यांनाच सांगते.

"मी तुम्हाला पंधरा दिवसांनी बोलावलं नव्हतं का?"

"बोलावलं होतं ना. आली होती मी. दोन गुरुवार आली. कुलूप होतं."

त्याच महिन्यात मी अंजनगावची ओपीडी बंद केली होती. इथलं काम वाढलं होतं. दारावर एक पाटी लावायला सांगितली होती. ती लागली की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मी बाहेर येऊन त्यांच्या मेडिकलवाल्याला फोन केला. "तुम्ही तीन वर्षं हे औषध देत राहिलात?"

"मॅडम, सही तुमची, शिक्का तुमचा. मी काहून नाई म्हनू?"

त्यानं नाही म्हणायला हवं होतं. पण ते त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार?

दवाखान्याचे मालक, तेच माझे सीनियर डॉक्टर, शेजारच्या खोलीत होते. त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला.

"तिला कळलंय?"

"अजून नाही."

"आधी प्रेशर उतरव. बाकीचं नंतर बघू. सगळं एकदम बोलायची गरज नाही."

"सर, ती तो कागद उद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवेल. त्याच्याकडून कळलेलं बरं, की माझ्याकडून?"

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मी परत आत गेले.

निर्मलाताईंना मी सरळ सांगितलं. उजव्या डोळ्याची बरीच नस गेली आहे. डाव्याची वाचवता येईल. हे या थेंबांनी झालं. थेंब मी लिहिले होते, कधी थांबवायचे ते लिहिलं नव्हतं. चूक माझी आहे.

त्या रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. ते झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग म्हणाल्या, "तुमाले माहीत हाय का, मी हे औषध काहून सोडलं नाई?"

मी नकारार्थी मान हलवली.

"यजमान गेले अन् वर्षभरात माहे डोये लाल व्हाले लागले. सारखं पाणी. बाहेर निंगाली की जो तो म्हने, निर्मलाबाई, रडू नका. भाजीवाली म्हने, बँकेतले म्हनत. अन् मी रडून नव्हती राहिली वो! मले जगायचं होतं. केस कापले, सुनेनं जीन्स आणली, घातली. पण तोंडाकडे पाहून लोक बिचारीच म्हनत. ह्या थेंबानं दोन दिवसांत डोये पांढरे झाले. मंग कोणी नाई म्हटलं."

डोळे कोरडे असून पाणी कसं येतं, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. अश्रूंचा चांगला, तेलकट थर कमी पडला की डोळा चुरचुरतो आणि मग शरीर घाबरून नुसतं पाणी सोडतं. ते पाणी गालावर येतं, डोळ्याला उपयोगाचं नसतं. मी हे इतक्या वेळा समजावलंय. त्या पाण्याचा लोक काय अर्थ लावतात, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"आता मी गाडी चालवू शकन का?" त्यांनी विचारलं.

"नाही, ताई."

तेव्हा मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

त्यांची बहीण अमरावतीलाच राहते, ती आली. दिवसभर ठेवून घेतलं. गोळ्या, शिरेतून औषध, प्रेशर उतरवायचे नवे थेंब. संध्याकाळपर्यंत उजवा सव्वीसवर आला, तीन आठवड्यांत दोन्ही डोळे सतराच्या खाली. नजरेचा नकाशा काढणारी फील्ड टेस्ट केली. डाव्या डोळ्याचा बराचसा शाबूत होता. उजव्याचा कडेचा सगळा भाग काळा. तो काळाच राहणार.

स्टिरॉइड बंद झाल्यावर डोळे पुन्हा लाल झाले. त्या दुसऱ्या खेपेला काजळ न घालता आल्या, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून. त्या दिवशी मी बाकीचे पेशंट मीनलकडे दिले आणि त्यांच्यासोबत तासभर बसले. रोज दोनदा गरम शेक. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले साधे थेंब, कारण काचबिंदूची औषधंही कोरडेपणा वाढवतात. कूलरचा झोत तोंडावर नको. काजळ चालेल, पण पापणीच्या आत नाही, केसांच्या बाहेरून. रात्री धुऊन टाकायचं. गॉगल कडेनं झाकणारा.

"म्हातारीसारखा नोको," त्या म्हणाल्या. त्या महिन्यात पहिल्यांदाच हसल्या. मीनलनं चॉकलेटी रंगाचा एक शोधून दिला.

दोन महिन्यांनी डोळे पांढरेशुभ्र नव्हते, पण लालही नव्हते. स्कुटी त्यांनी सुनेला दिली. तक्रार त्यांनी केली नाही. केली असती तर मी ती सही करून मान्य केली असती. का नाही केली, ते मी विचारलेलं नाही. माफ केलं, असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मी अंजनगावचं जुनं रजिस्टर काढलं. शेवटच्या दोन महिन्यांत ज्यांना ज्यांना हे औषध लिहिलं होतं, त्या सगळ्यांना मीनलनं आणि मी फोन लावले. बहुतेकांनी कधीच सोडलं होतं. दोघं अजून टाकत होते. एकाचं प्रेशर नॉर्मल निघालं. दुसऱ्या बाईचं अठ्ठावीस होतं, नस अजून चांगली होती. तिला वेळेत थांबवता आलं.

तोंडी सूचना पेशंट दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकते. आता औषधापुढे मी आधी तारीख लिहिते, कधी बंद करायचं त्याची. डोस नंतर.