उन्हाकडे वळवलेला ओटा

रूपा वाढली दीपनगरच्या कॉलनीत. वडील भाईदास वीज केंद्रात बॉयलरवर, मूळ गाव शिंदखेडा. दोन्हीकडे मे महिन्यात कुत्रंसुद्धा भिंतीची सावली सोडत नाही. अशा मुलखातल्या पोरीला घर म्हणजे काय विचाराल, तर ऊन अडवायची युक्ती. धुळ्याला आर्किटेक्चरचा डिप्लोमा करतानाही तिच्या नकाशात सावली आधी असायची आणि भिंती मागून यायच्या.

पुढे ती न्यूझीलंडला शिकायला गेली आणि तिथंच एका लहानशा ऑफिसात आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लागली. म्हणजे इमारत कशी दिसावी ते आर्किटेक्टनं सांगायचं, आणि ती खिळे-स्क्रूंसकट कशी उभी राहील ते हिनं नकाशात काढायचं. नोकरी अजून कच्ची होती. त्यातच साहेबांनी, म्हणजे ग्रॅहमनी, एक चिमुकलं काम सबंध तिच्या अंगावर टाकलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या सामाईक भाजीबागेत बसायला छपराचा ओटा, अवजारांची खोली आणि एक संडास. काम एवढंसं, पण पार पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत.

रूपा कामाला भिडली. पृथ्वीच्या त्या टोकाला सूर्य दक्षिणेकडून नाही, उत्तरेकडून तापतो, हे तिनं बरोबर ध्यानात ठेवलं. म्हणून खोली आणि संडास उत्तरेला घेतले, आणि त्यांच्या आड, दक्षिणेला, छान गारेगार ओटा काढला.

"सूर्य पाहिलास ना?" ग्रॅहमनी विचारलं.

"अगदी नीट," ती म्हणाली, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी विश्वासानं सही केली. नगरपालिकेची परवानगीही आली.

पायाचं काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी ती साइटवर गेली. खड्डे खणून तयार होते, खुंट्यांना दोऱ्या ताणल्या होत्या. चहाची सुट्टी झाली तसे कामगार, बागेतल्या दोन म्हाताऱ्या आणि त्यांचं कुत्रं, सगळे एकाच पट्ट्यात जाऊन बसले, उन्हाकडे तोंड करून. तो पट्टा नेमका संडासाचा! मधल्या लाकडांच्या उंच थप्पीमागं, रूपाच्या ओट्याच्या जागी, सावली होती आणि तिथं चिटपाखरू नव्हतं. ती स्वतः तिथं जाऊन उभी राहिली, तर थंडीनं दात वाजायला लागले.

गप्प बसलं तर इमारत वेळेवर उभी राहणार, नोकरी पक्की होणार, आणि म्हातारी माणसं वर्षानुवर्षं तिथं कुडकुडत चहा पिणार. बोललं तर काम अडणार, परवानगी पुन्हा घ्यावी लागणार, आणि पहिल्याच कामात उलटा नकाशा काढणारीला कोण ठेवून घेणार? हात दाखवून अवलक्षण. पण पोर भाईदासांची होती. ग्रॅहमही साइटवरच होते, ती सरळ त्यांच्याकडे गेली.

"उद्याचं काँक्रीट थांबवा. मी ओटा चुकीच्या बाजूला काढलाय. आमच्याकडे माणसं उन्हापासून पळतात. इथं ती उन्हाकडे येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

ग्रॅहमनी त्या उन्हातल्या चहा पिणाऱ्यांकडे पाहिलं. "माझीही सही आहे त्यावर," ते म्हणाले. "नवा नकाशा कधी देशील?"

"उद्या संध्याकाळी. संडासाचा पाइप लांबेल, त्याचा उतार पुन्हा बसवावा लागेल."

"बसव. काम तुझंच आहे."

काम रखडलं, पण ओटा उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी रूपानं घरी व्हिडिओ कॉल लावला. रात्रपाळीवरून नुकतेच आलेले भाईदास इमारत बघून हरखले, आणि सगळी म्हातारी माणसं उन्हात बसलेली बघून लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्या बठ्ठा म्हातारा उनमा कसाले बसेल शेतस व? सावली कुठे शे?"

"नाना, पहिले मी सावलीच काढेल व्हती. मंग चालू काम थांबाडं नि बठ्ठं उलटं करं." आणि तिनं सगळी हकिगत सांगितली.

सारा जन्म भाईदासांनी धडधडत्या यंत्रांपुढे काढला होता; चालू यंत्र थांबवणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. "चालू काम थांबाडाले छाती लागस, बेटा," ते म्हणाले, आणि आत वळून रूपाच्या आईला हाका मारायला लागले. नोकरी पक्की झाल्याचं रूपानं त्यानंतर सांगितलं, पण ते त्यांच्या कानात शिरलंच नसावं.

चार दिवसांनी आईचा, प्रमिलाबाईंचा, फोन आला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"तुना नाना कॉलनीमा बठ्ठासले सांगत फिरी ऱ्हायनात, 'मनी पोरनी परदेशमा चालू काम बंद पाडं!' लोके मनी समजूत काढाले घर यी ऱ्हायनात, नि तुना नाना त्यासना हातवर पेढा ठेवी ऱ्हायनात."