बेशतेरकची भिंत

बेशतेरक डेपोला कुलूप लावायचं वरच्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते लढाईच्या दिवसांत. ताश्कंदच्या या टोकाला ट्राम संपायची आणि खरबुजांची शेतं सुरू व्हायची. ट्राम हाकणारे पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा हुकूम आला की माणसं नाहीत, डेपो बंद करा. ज्या ओयनिसाची ही गोष्ट, तिची आई शराफत तेव्हा डेपोत फरशी पुसायची. तिने फडकं बादलीत टाकलं, भावाची टोपी डोक्यावर चढवली आणि ट्राम बाहेर काढली. जाताना कुंपणाचा एक खांब आडवा केला, पण फेरी पुरी करून गाडी जागेवर आणून लावली. तिचं बघून दुसऱ्या बायका पुढे आल्या. कुलूप आणलं तसं परत गेलं.

टोपीवाला भाऊ हबीब, म्हणजे ओयनिसाचा मामा, चालकच होता. लांबच्या वाटेला निघणारा माणूस नानचा एक घास तोडून खातो आणि उरलेला नान भिंतीवर टांगून ठेवतात, ही आमच्या घराघरातली रीत. परत येऊन त्यानेच तो संपवायचा. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला, तर त्याची आशा आपणच सोडली असं होतं. हबीब कामावरूनच परस्पर स्टेशनावर गेला, म्हणून त्याचा नान चालकांच्या खोलीत टांगला गेला. मग डेपोतून जाणारा प्रत्येक जण तिथेच नान चावू लागला. जे परतले त्यांनी आपापला वाळका नान चहात बुडवून खाल्ला. हबीब परतला नाही.

पुढे भूकंपात अर्धा डेपो बसला आणि पुन्हा कुलपाची भाषा सुरू झाली. नानांची ती एक भिंत तेवढी उभी राहिली होती. "भिंत आहे ना? मग डेपो आहे," शराफत म्हणाली, आणि तंबूत राहून बायकांनी बाकीच्या विटा चढवल्या.

अशा आईची लेक कशी असणार? ओयनिसाही ट्रामच हाकायची. बुटकी, गुडघ्यांनी अधू, पण तोंडाने तिखट. तुतीचा हंगाम आला की फळं रुळांवर चिरडून चाकं घसरायची. इतर चालक शिव्या घालत थांबायचे, ही वाळूची बादली घेऊन स्वतः उतरायची आणि उतारूंनाही कामाला लावायची. "फुकट बसून कुठे चाललात? टाका वाळू." तिचा मुलगा दावरोन याच डेपोत रांगला, याच डेपोत फिटर झाला. मग पगार रखडू लागले आणि तो रशियात बांधकामावर गेला. जाताना त्याने मामाआजोबांच्या नानाशेजारी आपला नान टांगला. पहिले दोन हिवाळे त्याचे फोन आले. नंतर बंद झाले. ओयनिसाचं काळीज रोज तुटत होतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळायला आलं की ती खेकसून त्याला पिटाळायची.

तिसऱ्या खेपेला मात्र वरचे जिंकले. रस्ता रुंद करायचा म्हणून ट्रामच बंद झाली. गाड्या मालट्रकवर चढवून दुसऱ्या शहरी नेल्या, रूळ उपटले. उरली ती चालकांची खोली. ती पाडायचं काम मुरोद नावाच्या तरुण साहेबाकडे होतं. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत.

"आपा, नान घरी घेऊन जा. मी गाडी देतो," तो म्हणाला.

"मी चावला होता का तो?"

"म्हणजे काय?"

"ज्याने चावला तो नेईल. कळत नसेल तर घरी जाऊन आईला विचार."

"दावरोनला जाऊन किती वर्षं झाली, आपा..."

"पुढचं बोलू नकोस. मी तुझ्याशी अजून नीट बोलतेय."

म्हातारा कोरियन फिटर व्हिक्टर पाक बाजूला बिया सोलत बसला होता. तो म्हणाला, "साहेब, ही उतारावरसुद्धा ब्रेक लावत नाही. तुम्ही बाजूला व्हा."

मुरोदने सोमवारी मशीन आणतो म्हणून सांगितलं. मशीनपुढे एकटी म्हातारी किती वेळ टिकणार, हे ओयनिसाला समजत होतं. वसंत लागला होता, आणि वसंतात पोरं कामासाठी रशियाला निघतात. ज्या ज्या घरी पिशव्या भरल्या जात होत्या, तिथे ती जाऊन बसली. "निघणारच आहेस ना? मग नान डेपोत येऊन चाव."

ओताबेकची आई मलोहत भडकली. "आमच्या घराला भिंत नाही का? आणि उद्या तिथली पाडली, तर माझ्या पोराचं काय?"

"म्हणूनच म्हणते. तुझा नान तिथे असला, की तूही माझ्याबरोबर उभी राहशील."

"आपा, हा शुद्ध डांबिसपणा आहे."

"आहेच. ये."

मलोहत आली, शिव्या देत आली. बाकीच्याही आल्या. सोमवारी मशीन आलं, तेव्हा भिंतीवर ताज्या नानांचा वास दरवळत होता आणि खाली आया मांडी ठोकून बसल्या होत्या. मशीनवाल्याने एकदा वर पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "माझ्या भावाचा घरी टांगलाय. मला नाही जमणार," एवढं बोलून तो खाली उतरला.

मुरोद स्वतः पुढे झाला. त्याने एका नानाकडे हात वर केला.

"तो माझ्या ओताबेकचा आहे," मागून मलोहत म्हणाली.

हात खाली आला. "आपा, हे सगळे परत येणार तरी कधी?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"ते तू सांग. पोरांना इथे काम दे, भिंत आपोआप रिकामी होईल. मग घण मीच आणून देते."

रस्ता झाला. भिंतीला वळसा घालून झाला. साहेब बदलले, नवे अधूनमधून मोजमाप घ्यायला येतात, म्हणून बायकांनी पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या आहेत.

गेल्या शरदात ओताबेक आला. रापलेला, हाताची दोन बोटं गमावून, पण आला. भिंतीखाली बसून त्याने आपला वाळका नान चहात मोडून मोडून खाल्ला आणि मलोहत डोक्यावरच्या रुमालाआड ढसढसा रडली. ओयनिसाने त्याला चहा ओतला. तिला त्या आईचा हेवा वाटला. दावरोनचा नान वर तसाच होता.

मलोहत डोळे पुसून उठली, लेकाचा दंड धरून घराकडे निघाली.

"कुठे निघालीस?" ओयनिसा म्हणाली. "पोरगा आला म्हणून पहारा सुटत नाही. मंगळवार तुझाच आहे."

मलोहतने मागे वळून पाहिलं. "येते गं बाई," ती म्हणाली. "मंगळवारी यालाही घेऊन येते."