सुम्ने कोणी काही करत न्हाई

वादविवाद स्पर्धेच्या सभागृहात शिरलं की बिराजदार सर आधी परीक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसत. सभागृह अजून रिकामं असे, यजमान शाळेचा शिपाई सतरंज्या झटकत असे आणि आमचे सर आळीपाळीने प्रत्येक खुर्चीत बसून, डोळे बारीक करून स्टेजकडे पाहत. मग उठून एखादी खिडकी लावत, पंखा बंद करून बघत, माइकवर टिचकी मारत. कोणी विचारलंच तर म्हणत, "काही न्हाई, बघून राहिलो." आम्हाला मात्र बाजूला घेऊन सांगत, "डाव्या अंगाच्या परीक्षकाच्या तोंडावर उजेड येतो. त्यो डोळे मिटणार. झोपला समजून आवाज चढवू नका. आणि खुर्ची तिथं सुम्ने ठेवलेली न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

'सुम्ने' हा सरांचा खास शब्द. ते मूळचे निलंग्याकडचे. तिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे असे चार-दोन कानडी शब्द त्यांच्या तोंडी कायमचे बसलेले. सुम्ने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. "सुम्ने कोणी काही करत न्हाई," हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत याची गणतीच नव्हती. लातूरच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि वादविवादाचा संघ बसवत. अंगाने वाळकुडे, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं, मान जराशी तिरकी. समोरून कोणी नमस्कार केला तरी आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते पाहून मगच ते हात जोडत.

संघ म्हणजे आम्ही दोघी, मी आणि रुबिना, दोघीही नववीतल्या. वादविवाद स्पर्धेची एक गंमत असते. एकाच शाळेतला एक जण विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात, आणि करंडक मिळतो तो दोघांच्या गुणांची बेरीज करून. म्हणजे ज्याच्याबरोबर डबा खायचा, त्यालाच स्टेजवर खोटं पाडायचं. सर आमची तयारी वेगवेगळी घेत. मला भूगोलाच्या खोलीत, रुबिनाला ग्रंथालयात. "एकमेकीला मुद्दे सांगू नका. आणि ती सांगायला लागली तर ऐकू नको. सुम्ने सांगून राहिली नसंल ती."

इतर शाळांतले सर भाषण लिहून देत आणि मुलं ते घोकत. बिराजदार सरांनी आम्हाला एक ओळ लिहून दिली नाही. आम्ही लिहिलेलं ते मान तिरकी करून ऐकत आणि मध्येच हात वर करत. "वैश्विक म्हणलीस आता. तुझ्या घरी कोण म्हणतंय वैश्विक? बाप म्हणतो? आई म्हणती? मग ह्यो शब्द कुठून उचलून आणला?" तो मोबाइलवरून उचललेला असे. ते म्हणत, "काढ. चोरीचा माल ऐकणाऱ्याला आधी कळतो, बोलणाऱ्याला मागून." टाळ्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. लवकर टाळ्या पडल्या म्हणजे आपण खाली बसावं असं लोकांना वाटतंय, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी जूनमध्येच मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं, की शनिवारची दुपार आता फाउंडेशनच्या वर्गांना द्यावी लागेल. लातूर हे शिकवण्यांचं गाव. पालकांना नववीपासूनच सराव परीक्षा हव्या होत्या आणि आमचा वादविवाद शनिवारी दुपारीच चाले. सर त्यांच्या खोलीत बराच वेळ होते. बाहेर आले ते एवढंच घेऊन, की नांदेडचा सांघिक करंडक यंदा आला तर बघू. "'बघू' म्हणले," सर आम्हाला म्हणाले. "ह्या 'बघू'त गोम हाय. पण करंडक टेबलावर ठेवला तर बघावंच लागंल त्यांना." वादविवाद बंद होऊ नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं. त्यांना दुसरा कसला नादच नव्हता.

दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू झाला. एसटीत सर आमच्या मागच्या सीटवर बसत, म्हणजे पुढचं सगळं दिसतं. उदगीरला आमची पहिल्याच क्रमांकाची चिठ्ठी निघाली. सर काळजीत पडले. "पहिला नंबर सुम्ने निघत न्हाई." मी म्हटलं, "सर, पण चिठ्ठी तुम्हीच काढलीत की." ते माझ्याकडे थंडपणे पाहत म्हणाले, "म्हणून तर." निलंग्याला, त्यांच्याच गावाकडे, यजमानांनी सगळ्या मुलांना गरमागरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा चिवडा, दिला. आमच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण सरांनी एक मुरमुरा चाखला आणि दोन्ही बशा परत पाठवल्या. "मिरची बघ किती घातलीय. घसा बसवायचा डाव हाय." बाकीची मुलं तोच सुशीला खाऊन छान बोलली आणि आम्ही उपाशीपोटी दुसऱ्या आलो.

त्यांना सगळ्यात मोठा संशय घंटीचा. पहिली घंटी इशाऱ्याची, दुसरी वेळ संपल्याची. दुसरीनंतर बोलत राहिलं की संघ करंडकातून बाद. यजमान आपल्या मुलांची घंटी उशिरा वाजवतात आणि पाहुण्यांची लवकर, अशी सरांची पक्की खात्री होती. म्हणून ते प्रत्येक स्पर्धकाची वेळ स्वतःच्या घड्याळावर लावत. आमची तर लावतच, पण सगळ्यांची लावत.

एव्हाना त्यांचा हा रोग मलाही जडला होता. मुळात मी आडत्याची मुलगी. पोत्याच्या तोंडाशी असते ती दाखवायची तूर, खरी तूर बघायची तर हात तळापर्यंत घालावा लागतो, हे ऐकतच मी मोठी झाले. रुबिना माझ्या मुद्द्यांना इतकी नेमकी उत्तरं द्यायची, की सरच तिला आतून सांगतात असं मला वाटू लागलं. तिलाही माझ्याबद्दल हेच वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

नांदेडला विषय आला तो शिकवणी वर्गांचाच: ते हवेत की नकोत. रुबिना बाजूने बोलली आणि काय सुरेख बोलली! मी विरोधात. निम्मं भाषण ठरल्याप्रमाणे झालं आणि मग कसं कोण जाणे, माझ्या मामेभावाची गोष्ट माझ्या तोंडून निघाली. तो लातूरलाच वसतिगृहात राहून शिकवणीला जातो. मी म्हणाले, "मामी फोनवर विचारते, सुट्टीत आलास की काय करू रे खायला? तर तो म्हणतो, पर्याय सांग. चार पर्यायांतलं बरोबर उत्तर त्याला लगेच ओळखता येतं. पण त्याला स्वतःला काय आवडतं, ते त्याला आठवत नाही." मी बोलत राहिले. पहिली घंटी ऐकल्याचं मला आठवतं. दुसरी वाजली नाही, म्हणून थांबले नाही. बोलायचं संपलं तेव्हा खाली बसले.

निकाल लागला. सांघिक करंडक आमचा! रुबिनाने मला इतकं घट्ट आवळलं की तिची बांगडी फुटली. दुसऱ्या स्थानावर नायगावची शाळा होती. आमचं नाव पुकारताच सर उठले आणि स्टेजकडे निघाले. मला वाटलं, करंडक दुसऱ्या कोणाच्या हाती लागायच्या आत ते स्वतःच ताब्यात घेणार. पण ते गेले वेळाधिकारी बाईंच्या टेबलापाशी. वाकून, आपलं घड्याळ दाखवत काहीतरी बोलले. त्या कुठल्यातरी शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग माइक तसाच चालू असताना त्यांचा आवाज आला, "हो, चुकलं माझं. माझा मुलगा पण तिथंच आहे हो, लातूरला. ऐकता ऐकता घंटीवरचा हात तसाच राहिला."

संयोजक म्हणाले, "सर, घंटी वाजली नाही हा आमचा दोष. मुलीचा काय त्यात?"

"दोष न्हाईच," सर म्हणाले. "पण घंटी ऱ्हायली म्हणून टाइम थांबला का? ती नायगावची पोरगी घंटी ऐकून अर्ध्या वाक्यात खाली बसली. तिचं वाक्य कोण पुरं करणार?"

करंडक नायगावला गेला. येताना एसटीत सर नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर होते. रुबिना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सरांना इचार ना, असं कायकू केलं?" मी विचारलं नाही. रागाने मी लातूर येईपर्यंत मागे वळूनही पाहिलं नाही.

शाळेत उत्तरं तयारच होती. जिंकलेला करंडक कोणी परत करतं का? सरांचे कोणी पाहुणे नायगावच्या संस्थेत असतील. निवृत्तीनंतर तिकडे जागा बघत असतील. शिकवणीवाल्यांनीच त्यांना गाठलं असेल, असंही एक पालक म्हणाले. माझे बाबा दुकानात बसल्याबसल्या म्हणाले, "हातात आलेला माल माणूस सोडतो, तवा दुसऱ्या हातात काहीतरी आलेलं असतं." मला ते पटलं. इतकं पटलं, की मी फणकाऱ्याने ते सरांनाच ऐकवलं. वाटलं, आता चिडतील, काहीतरी बोलतील.

सरांनी मान तिरकी केली. "बराबर बोलला तुझा बाप," ते म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणलो असतो." आणि नकाशे गुंडाळून वर्गावर निघून गेले.

मुख्याध्यापकांना बघावं लागलंच नाही. पुढच्या शनिवारपासून फाउंडेशन सुरू झालं आणि सराव परीक्षेवर देखरेख करायला बसवलं बिराजदार सरांनाच. मुलं खाली माना घालून गोल काळे करत आणि सर खिडकीशी उभे राहत. वादविवाद पुन्हा सुरू झाला नाही. आम्ही दहावी झालो, त्याच वर्षी ते निवृत्त होऊन निलंग्याला गेले.

मागच्या वर्षी एका लग्नाला निलंग्याला गेले होते. मी आता नांदेडला वकिलीचं शिक्षण घेते आहे. संशय पोटापाण्याला लागला म्हणायचा. सर आजारी असल्याचं कळलं, म्हणून घरी गेले. ओट्यावर बसले होते, आणखी वाळलेले. मला ओळखलं आणि विचारलं, "काय काम काढलंस?" काही काम नाही, भेटायला आले, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग मी इतकी वर्षं राहिलेलं विचारून टाकलं. "सर, खरं सांगा. करंडक का परत केला? तो आला असता तर संघ राहिला असता."

सर रस्त्याकडे पाहत बोलू लागले.

"दुसरी घंटी वाजना, तवा मला वाटलं, बाई मुद्दाम करून राहिली. तुला बोलू द्यायचं आन् मागून बाद करायचं. म्हणून मी बाईकडं बघितलं. तर बाई रडून राहिली होती. मग तुझ्याकडं बघितलं. जल्मात मला एकदाच कशाचा संशय आला न्हाई, पोरी. तेवढ्या वेळेपुरता. करंडक आणला असता, तर ऑफिसात कपाटाकडं बघून रोज वाटलं असतं, ह्यो भाषणाचा का चुकलेल्या घंटीचा? मग त्या भाषणावर बी संशय आला असता मला. संघ राहिला असता, पण ते गेलं असतं. एवढं एक तरी आपल्याजवळ बिनसंशयाचं राहू दे म्हणलं."

मला एकदम रडू फुटलं. पावसाळ्याच्या तोंडाशी ते गेले.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी मी रुबिनाला फोन करून त्यांचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "तवाच सांगायला पायजे होतं ना सरांनी आपल्याला."

तेव्हा सांगितलं असतं, तर आम्ही विश्वास ठेवला नसता. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.