बॉनेटवरचा कागद

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर जेवढ्या गाड्या घेतल्या, तेवढ्या साड्या मला घेतल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसले नसते, मिरवत फिरले असते. हे शाळामास्तर होते. पाथरीत सगळे ह्यांना गुरुजीच म्हणतात. नोकरीत होते तोवर एका स्कूटरवर भागलं. निवृत्त झाले आणि ह्यांना जुन्या गाड्यांचा नाद लागला. कुणा डॉक्टरची, कुणा कंत्राटदाराची गाडी स्वस्तात निघाली की हे जाऊन घेऊन यायचे. पोचे काढायचे, रंग मारून घ्यायचे, सीटला नवी कव्हरं घालायचे आणि त्यावरचं प्लॅस्टिक मात्र तसंच ठेवायचे. मग कुणीतरी यायचं, गाडीभोवती दोन चकरा मारायचं, मला चहा ठेवायचं फर्मान सुटायचं, आणि कपबशा विसळून होईपर्यंत गाडी दारातून गेलेली असायची.

हा धंदा झाला, असं मी एकदा म्हणाले तर ह्यांना राग आला. "मी काय धंदा करायलोय व्हय? घरची गाडी हाय. चांगलं गिऱ्हाईक आलं, दिली." ज्याच्या घरच्या गाडीला गिऱ्हाईक येतं त्याला काय म्हणतात, हे मी विचारलं नाही.

माझं दुखणं वेगळंच होतं. माझं माहेर ताडकळसचं. आई तिथे एकटी असते आणि तिचे गुडघे तिला कुठे जाऊ देत नाहीत. पाथरीहून एसटीनं परभणी, तिथे दुसऱ्या बसची वाट, की अर्धा दिवस स्टँडवरच जातो. मला स्वतः गाडी चालवत आईच्या दारात जायचं होतं, आणि त्यासाठी मी ह्या वयात गाडी शिकले, रीतसर लायसन काढलं. पण लाल गाडीचे गिअर हाताला बसले तोवर ती मानवतला गेली. निळीचा क्लच पायाला समजला आणि ती सेलूला. ह्यांच्यासोबत आम्ही ताडकळसला जायचो तेव्हा दारात दरवेळी वेगळी गाडी बघून आई विचारायची, "कुणाची गं गाडी?" हे म्हणायचे आपलीच. आईचा विश्वास बसायचा नाही. जावई बिचारे लोकांच्या गाड्या मागून आणतात, असं तिनं गल्लीत सांगून ठेवलं होतं.

मग पांढरी आली. छोटी, स्टिअरिंग हलकं, सीट पुढे ओढली की माझे पाय नीट पोचायचे. एवढ्या वर्षांत माझ्या उंचीचा विचार करून केलेली ही पहिलीच वस्तू घरात आली होती. ही ठेवायची, मी सांगून टाकलं. हे म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

त्यातच ह्यांना इन्कम टॅक्सची नोटीस आली. बँकेत एवढे पैसे आले कुठून, असा सवाल होता. परभणीत एक सीए होता, लहानपणी ह्यांच्याच वर्गात बसलेला. त्याच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. तो अजूनही ह्यांना बघून उभा राहिला, तेव्हा हे जरा सावरले.

त्यानं नीट समजावून सांगितलं. स्वतःच्या वापराला गाडी घेतली, वापरली आणि पुढे विकली, तर ती घरातली वस्तू. चार पैसे जास्त आले तरी त्याला कर नाही. पण विकायची म्हणूनच घ्यायची, नीटनेटकी करायची, विकायची आणि पुन्हा दुसरी आणायची, तर तो व्यापार, मग दुकान असो नाहीतर नसो. किती विकल्या, किती दिवस ठेवल्या हे बघतात, पण मुख्य म्हणजे घेताना मनात काय होतं ते बघतात.

मनातलं सरकारला कसं कळणार, म्हणत ह्यांनी आपला हुकमी एक्का काढला. मोबाइलमध्ये दरसालच्या दसऱ्याचे फोटो होते. प्रत्येक फोटोत गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि शेजारी मी. विकायच्या मालाची कुणी अशी घरच्यासारखी पूजा करतं का, असा ह्यांचा मुद्दा होता. दुकानदारही करतात, असं सीए हळूच म्हणाला. फोटो एकामागून एक सरकत होते. साडी तीच होती, गाडी दरवेळी दुसरी.

एका फोटोवर तो थांबला आणि बोटांनी मोठा करून बघायला लागला. "गुरुजी, स्वस्तिकाखाली हा कागद कशाचा?"

विद्यार्थ्यानं चांगली शंका विचारली की ह्यांचा चेहरा खुलतो. "अरे, कुंकवाचा डाग रंगावर बसतो, निघता निघत न्हाई. मग गिऱ्हाईक भाव पाडतंय. म्हणून आधी कागद चिकटवायचा, त्यावर कुंकू. दरसाली तसंच करतो मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सीएनं पेन खाली ठेवलं. मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडाला लावला. ह्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ते फोटो एकेक करून पुन्हा बघत बसले, कुठेतरी बिनकागदाचा एखादा निघेल म्हणून. निघाला नाही.

गेलेल्या गाड्यांचा नफा धंद्यातला म्हणून दाखवायचा आणि कर भरून मोकळं व्हायचं, असं ठरलं. मग त्यानं दारातल्या पांढरीचं विचारलं, ही घरची की धंद्यातली? हे माझ्याकडे बघून म्हणाले, बघू. मला असा संताप आला!

कर भरला. करापेक्षा ह्यांना व्यापारी हा शब्द लागला. जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस, गल्लीत कुणी थट्टेनं शेठ म्हटलं की मान खाली घालायचा. मला कीव यायची. पण धंदा आहे म्हटल्यावर तो उघड चालायला लागला, आणि दसरा झाला की पांढरी बघायला पेडगावचं गिऱ्हाईक येणार, हेही ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी हे आंघोळीला गेले. ओट्यावर कागद आणि चिकटपट्टी तयार होती. मी वाटीत कुंकू घेतलं, पाण्यानं कालवलं आणि सरळ बॉनेटवर स्वस्तिक काढलं. चांगलं मोठं, हातभर. ऊन कडक होतं, बघता बघता वाळलं.

हे बाहेर आले आणि कागद हातात घेऊन उभेच राहिले. मग वाकून अंगठ्यानं कड घासली. ती हलली नाही.

"आता ही कोण घेतंय?" हे म्हणाले.

"म्हणूनच काढलं. सीएला सांगा, ही घरची."

मला वाटलं, आता जोराचं भांडण होणार. भांडायची माझी पूर्ण तयारी होती. ह्यांनी कागदाची घडी केली, पेडगावला फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि मागचं दार उघडून सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडायला लागले.

दुपारी ताडकळसला गाडी मीच चालवली. हे शेजारी बसले होते, वरचा दांडा धरून, आणि नसलेला ब्रेक पायानं दाबत. परभणीच्या चौकात तर ह्यांनी डोळेच मिटले.

आई दारातच बसली होती. मी स्टिअरिंगच्या बाजूनं उतरताना बघून ती भिंतीला धरून उठली. मग बॉनेटवरचं कुंकू बघितलं आणि नेहमीचंच विचारलं, "कुणाची गं गाडी?"

माझ्याआधी हेच बोलले. "तुमच्या लेकीची हाय."

आईनं गाडीवरून हात फिरवला. ह्या वेळी तिचा विश्वास बसला.