पंपाच्या दुरुस्तीचं पत्र

"बघा, भावनेच्या भरात वाचलं की असं होतं," सर म्हणाले आणि माझं काम मोठ्या पडद्यावर लावलं. खाली माझं नाव. सगळी टीम हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

बंगळूरच्या मारतहळ्ळीतलं ऑफिस. परदेशी वकील कागद पाठवतात, आम्ही वाचून खूण करतो, महत्त्वाचा की बिनकामाचा. या वेळचा खटला आंतरराष्ट्रीय न्यायालयातला. सैन्याने वेढलेल्या शहराचं पाणी तोडल्याचा एका अधिकाऱ्यावर आरोप. त्याचंच एक दोन ओळींचं पत्र माझ्याकडे आलं. पंपाची दुरुस्ती पुढील आदेशापर्यंत स्थगित. मी 'महत्त्वाचा' अशी खूण केली.

"यात इन्टेन्शन कुठंय?" सर पुण्याचे, घरात तीन पिढ्यांची वकिली. "रिपेअर पोस्टपोन केलंय फक्त. हेतूशिवाय गुन्हा नाही, हे फर्स्ट इयरला शिकवतात. का कोट्यातल्यांना तेवढं माफ असतं?"

पुन्हा हशा.

हेतूची व्याख्या मीही घोकलीय. पण नागपूरकडच्या आमच्या गावात, या वस्तीला पाणी देऊ नका, असं कुणी कधी लिहिलं नाही. इतके का ते खुळे होते? सरपंच गोड बोलायचे. पाइप फुटलाय, सणानंतर बघू. सण आले, गेले. तीन वर्षं फक्त आमचाच पाइप फुटलेला. आई लांबून पाणी वाहायची आणि म्हणायची, "ते भुलले नाईत बाई. त्यायले समदं ध्यानात हाय."

संध्याकाळी सर टेबलाशी आले. आवाज मऊ. "तूच बदल ना ती खूण. मी बदलली तर मला रीझन लिहावं लागतं."

म्हणजे लिहिण्यासारखं कारण त्यांच्याकडे नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा, फार जुना. शेजारची मंजुळा अर्ध्या कन्नडात, अर्ध्या हिंदीत कुजबुजली, "बिडू अक्का, जाने दो."

नोकरी मलाही हवीय. धाकट्या भावाचं शिक्षण तिच्यावरच चाललंय.

"मी नाही बदलणार, सर. तुम्ही बदला. तुमच्या नावाने. आणि कारण लिहा."

ते गेल्यावर पत्रापुढच्या रिकाम्या चौकटीत मी माझं कारण लिहिलं. याच काळात वेढ्याबाहेरच्या भागांतले किती पंप दुरुस्त झाले, ते तपासा. हेतू तिथे सापडेल.

सोमवारी मला वर बोलावलंय. कशाला, ते कळतं. दमलेय मी, तरी जाणार. काढायचं तर काढा. पण तोंडी नाही. लिहून द्या, खाली सही करून.