दहा लाख एक

शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं बसलं, की किस्से आपोआप साठतात. बहुतेक हसून सोडून द्यायचे असतात. पण दहा लाख एक या संख्येचे किस्से मला अजून सोडवत नाहीत!

मी धुळ्याच्या एका शाळेत टायपिंग आणि शिक्के सांभाळते. शिक्षण दहावी. सगळे मला अक्का म्हणतात.

*

गणित स्पर्धेचा पेपर भामरे सरांनी काढला. शेवटचा प्रश्न: १०००००१ ही मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही तिला पूर्ण भाग जात नाही, असं आहे का?

स्टाफरूमच्या भिंतीवर मूळ संख्यांचा तक्ता आहे, शंभरपर्यंतचा. सरांनी त्यातल्या पंचवीसच्या पंचवीस संख्यांनी भागून पाहिलं. एकानंही जाईना.

"अक्का, उत्तरसूचीत टाका, मूळ आहे! तक्ता संपला, विषय संपला!"

*

नववीतल्या मोहिनीनं लिहिलं, मूळ नाही, १०१ × ९९०१. सरांनी लाल फुली मारली. त्या दोन गुणांनी ती तिसरी आली, आणि जळगावच्या फेरीला दोघीच जाणार होत्या. त्या दोघींनी 'मूळ आहे' लिहून गुण घेतलेले!

मोहिनी ऑफिसात आली. रडली नाही. "अक्का, फक्त गुणून बघा ना."

पाठकोऱ्या कागदावर गुणलं. ९९०१ची शंभरपट, त्यात आणखी एकदा ९९०१. दहा लाख एक! पुन्हा गुणलं. तेवढेच!

कागद घेऊन सरांकडे गेले.

"अक्का, तुमचं शिक्षण किती?"

"दहावी."

"मग?"

मग काय? दहावीवाल्यांचा गुणाकार वेगळा येतो का?

*

मुख्याध्यापकांनी विषय मीटिंगमध्ये घेतला आणि चक्क हात वर करायला लावले! मूळ आहे म्हणणारे सात, नाही म्हणणारे दोन. पीटीचे सर म्हणाले, "दिसायला तर मूळच वाटते बुवा!"

गुणून कोणीच पाहिलं नाही. फळा समोर होता, खडूही होता!

*

मोहिनीचे आबा दोंडाईच्याहून आले. तोवर मुख्याध्यापकांनी मोबाइलवर गुणाकार करून पाहिला होता. ते म्हणाले, "आबा, तिचं उत्तर आज बरोबर आहे. पण पेपर तपासला तेव्हा ते चूक होतं. उत्तरसूचीवर तीन सह्या झाल्यात."

आबांनी बशी खाली ठेवली. "पोरगीना गुनाकार चुकना का?"

"नाही."

"मंग चुकनं कोन?"

"चहा घ्या, आबा."

*

जळगावला यादी पाठवायच्या दिवशी मी दोन कागद टाईप केले. सुधारित उत्तरसूची, आणि मोहिनीचं नाव असलेली नवी यादी. मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षिकाबाईंच्या सह्या झाल्या. कागदांत काय आहे ते मी दोघांनाही सांगितलं होतं. दोघांनीही "हं" म्हटलं.

राहिले भामरे सर. ते फोनवर होते. मी फाईल समोर धरली.

"सर, दहा लाख एकची सुधारित उत्तरसूची आहे. नव्या यादीत मोहिनी आहे. वाचून घ्या."

त्यांनी पेन काढलं, दोन्हीकडे सही ठोकली आणि फोनवर हात ठेवून म्हणाले,

"वाचायचं काय त्यात? अक्का, तुम्ही टाईप केलंय ना? मग बरोबरच असणार!"